हॅन्सनबाईंचा फॉरवर्ड आणि त्यातून गळलेला भारत

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. दोन नातेवाइकांचे, एक शाळेचा, एक पुण्यातल्या जुन्या सोसायटीचा. मजकूर थोडक्यात असा: ‘ऑस्ट्रेलियाची वाघीण पॉलिन हॅन्सन! मासे तळून विकणारी साधी बाई. मुस्लिमांबद्दल खरं बोलली म्हणून पक्षाने हाकललं, तुरुंगात डांबलं. डगमगली नाही. संसदेत बुरखा घालून गेली आणि देशात बुरखाबंदी करून दाखवली. ठणकावून सांगितलं, आमचे कायदे पटत नसतील तर चालते व्हा. भारतीयांची खरी मैत्रीण. आपल्याकडे असा एक तरी नेता हवा.’ शेवटी तिरंगा, वाघ आणि जोडलेले हात.

चौथ्यांदा तो धाडला आमच्या काकांनी. त्याच दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, की ब्रिस्बेनमध्ये विद्यापीठाजवळ खोलीचं भाडं साधारण किती पडतं. त्या प्रश्नाकडे नंतर येतो.

मी ब्रिस्बेनमध्ये राहतो. हॅन्सनबाईंचं इप्सविच इथून चाळीसेक किलोमीटर. त्यांचं राजकारण मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यांची कहाणी फॉरवर्डमध्ये आहे त्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे, आणि जे कापलंय ते नेमकं आपल्याशी संबंधित आहे.

‘मासे तळून विकणारी बाई.’ हे खरं. १९५४ साली ब्रिस्बेनमध्ये जन्म, वडिलांचं खाण्याचं दुकान, पंधराव्या वर्षी शाळा सुटली. दोन लग्नं, दोन घटस्फोट, चार मुलं. इप्सविचच्या सिल्कस्टोन भागात त्यांचं फिश अँड चिप्सचं दुकान होतं. फिश अँड चिप्स म्हणजे इथला वडापाव समजा, आणि तो विकणाऱ्याला हिणवण्यासारखं काही नाही. उलट त्यांना हिणवणाऱ्या शहरी विद्वानांनीच त्यांची निम्मी मतं वाढवली, असं माझं मत आहे.

‘मुस्लिमांबद्दल खरं बोलली म्हणून पक्षाने हाकललं.’ पक्षाने दूर केलं, एवढंच बरोबर. १९९६च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने त्यांना ऑक्सली मतदारसंघाची उमेदवारी दिली होती. (इथला लिबरल पक्ष उजवा आहे, नावावर जाऊ नका.) जानेवारीत त्यांनी ‘क्वीन्सलँड टाइम्स’ या स्थानिक पेपराला पत्र लिहिलं. विषय होता ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना सरकारकडून मिळणाऱ्या सवलती. त्यांचं म्हणणं, या सवलतींमुळेच वंशवाद वाढतो. गदारोळ झाला आणि पक्षाने उमेदवारी काढून घेतली. मुस्लिमांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या आणि त्यांवर नावापुढे ‘लिबरल’ तसंच राहिलं. ऑक्सली हा मजूर पक्षाचा बालेकिल्ला, पुढे गव्हर्नर जनरल झालेल्या बिल हेडन यांची जुनी जागा. २ मार्च १९९६ला हॅन्सनबाईंनी ती १९ टक्क्यांहून जास्त मतं फिरवून जिंकली. पक्षाने हाकललेल्या उमेदवाराने पक्षाच्याच लेबलावर मतं घ्यावीत, हा किस्सा फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या हातून कसा सुटला कोण जाणे.

आता ज्याच्यावर सगळी कीर्ती उभी आहे ते संसदेतलं पहिलं भाषण. तारीख १० सप्टेंबर १९९६, कॅनबेरा. फॉरवर्डच्या हिशेबाने हे मुस्लिमांविरुद्धचं भाषण. त्यातलं गाजलेलं वाक्य असं: आपण आशियाई लोकांच्या लोंढ्यात बुडून जायच्या धोक्यात आहोत. पुढे त्या म्हणाल्या, की या लोकांची संस्कृती आणि धर्म वेगळे आहेत, ते आपापल्या वस्त्या करून राहतात, मिसळत नाहीत. १९८४ ते १९९५ या काळात आलेल्यांपैकी ४० टक्के आशियाई मूळचे, असा आकडाही दिला. लोकसंख्येत आशियात जन्मलेल्यांचं प्रमाण तेव्हा पाच टक्क्यांच्या आसपास होतं. पाच टक्क्यांत कोण बुडतं, हा प्रश्न वेगळा.

‘आशियाई म्हणजे चिनी, व्हिएतनामी, आपण नाही,’ असं मला इथल्याच एका देशबंधूंनी एकदा समजावलं होतं. सवयीच्या बोलण्यात इथे तसा अर्थ घेतात, हे मान्य. पण त्याच भाषणात थोडं पुढे जा. तिथे बाई आर्थर कॉलवेल यांचे शब्द वाचून दाखवतात. कॉलवेल हे दुसऱ्या महायुद्धानंतरचे स्थलांतर मंत्री, मजूर पक्षाचे पुढारी आणि ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरणाचे खंदे समर्थक. त्यांचे शब्द साधारण असे: जपान, भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि प्रत्येक नवं आफ्रिकन राष्ट्र हे गोऱ्यांचे कडवे द्वेष्टे आहेत आणि आपापसातही वैरी आहेत. यांतले कुणी आपल्याला इथे हवेत का? त्यांची गरज आहे का? ‘नाही’ म्हणणारा मी एक अस्सल ऑस्ट्रेलियन आहे आणि नव्वद टक्के ऑस्ट्रेलियन लोकांच्या वतीने बोलतो आहे. हे वाचून हॅन्सनबाई म्हणाल्या, की या शब्दांचा पुनरुच्चार करायला मला जराही संकोच वाटत नाही.

यादीत दुसरं नाव भारताचं आहे. पाकिस्तानचं नाव त्या यादीत नाहीच. ‘वाघीण’ म्हणून तिरंगा लावून जे फिरवलं जातंय त्याच्या मुळाशी हे भाषण आहे, आणि ते संसदेच्या नोंदीत कुणालाही वाचायला मिळतं.

व्हाइट ऑस्ट्रेलिया म्हणजे काय, तेही ओघात सांगतो. १९०१च्या कायद्याने बंदरावर उतरणाऱ्याची श्रुतलेखनाची परीक्षा घेतली जाई. उतारा पन्नास शब्दांचा, आणि भाषा अधिकारी ठरवेल ती, युरोपातली कुठलीही. इंग्रजी फर्डं असलेल्या भारतीय माणसालाही गाळायचंच असेल, तर त्याच्यापुढे दुसऱ्याच भाषेतला उतारा ठेवायची सोय कायद्यातच होती. धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३मध्ये गेले. आज इथे भारतात जन्मलेले सहा लाख सत्तर हजारांवर लोक आहेत (२०२१ची जनगणना), ते त्यानंतरच्या दाराने आलेले. मीही त्यातलाच.

‘खरं बोलली म्हणून तुरुंगात डांबलं.’ इथे फॉरवर्डवाले चुकतातच, पण त्यांना उलट उत्तर देणारेही चुकतात, म्हणून जरा तपशिलात जातो.

एप्रिल १९९७मध्ये हॅन्सनबाईंनी डेव्हिड ओल्डफील्ड आणि डेव्हिड एट्रिज यांच्यासोबत ‘वन नेशन’ पक्ष काढला. जून १९९८मध्ये क्वीन्सलँडच्या राज्य निवडणुकीत या पक्षाला २२.७ टक्के मतं आणि ८९पैकी ११ जागा मिळाल्या. प्रस्थापितांच्या पायाखालची वाळू सरकली. क्वीन्सलँडच्या कायद्यानुसार पक्षनोंदणीला ५०० सदस्य दाखवावे लागतात, आणि नोंदणी झाली की निवडणूक खर्चाची भरपाई सरकारी तिजोरीतून मिळते. आरोप असा, की दाखवलेले ५०० जण पक्षाचे सदस्य नसून समर्थकांच्या वेगळ्या संघटनेचे होते, म्हणजे नोंदणी फसवून केली आणि जवळजवळ पाच लाख डॉलरची भरपाईही फसवून उचलली. २० ऑगस्ट २००३ला ब्रिस्बेनच्या न्यायालयाने हॅन्सन आणि एट्रिज दोघांना तीन तीन वर्षांची शिक्षा दिली. खटला कागदपत्रांचा होता. त्या मुस्लिमांबद्दल किंवा आणखी कुणाबद्दल काय बोलल्या, याचा त्यात प्रश्नच नव्हता.

पण ‘अहो, ती फ्रॉड करून आत गेलेली बाई’ हे उत्तरही टिकत नाही. ६ नोव्हेंबर २००३ला क्वीन्सलँडच्या अपील न्यायालयाने दोघांची शिक्षा रद्द केली आणि दोघांना निर्दोष सोडलं. ज्यांनी अर्ज भरले ते पक्षाचे सदस्य नव्हते, हे पुराव्याने सिद्ध झालं नाही. बाई अकरा आठवडे तुरुंगात होत्या, आणि त्या तिथे असायला नको होत्या. कुणाचंही राजकारण पटो न पटो, निर्दोष सुटलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणू नये.

हे प्रकरण उकरलं कुणी? फॉरवर्ड वाचून वाटेल, डाव्यांनी. पक्षनोंदणीविरुद्ध दिवाणी दावा लावला तो टेरी शार्पल्स या वन नेशनच्याच नाराज माजी उमेदवाराने. त्याला वकील मिळवून देणारे आणि खर्चाची झळ लागू देणार नाही असा शब्द देणारे होते टोनी ॲबट, लिबरल पक्षाचे खासदार आणि पुढे २०१३ ते २०१५ पंतप्रधान. हॅन्सनबाईंचे ओल्डफील्ड आधी याच ॲबट यांच्याकडे कामाला होते. ऑगस्ट १९९८मध्ये ॲबट यांनी अशा दाव्यांसाठी एक न्यासही काढला, त्यात सुमारे एक लाख डॉलर जमले. म्हणजे वाघिणीच्या मागे कोर्टाचं लचांड लावण्यात उजव्या गोटाचा हात होता, कारण मतं तिकडची फुटत होती. पुढे २०१८मध्ये बाईंच्या भाषणांच्या संग्रहाचं प्रकाशन केलं, तेही ॲबट यांनीच. भाऊबंदकी म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको.

जनतेने त्यांना कायम डोक्यावर घेतलं, असंही नाही. १९९८ ते २०१५ या काळात त्या लहानमोठ्या नऊ निवडणुका हरल्या. १९९८मध्ये ब्लेअर मतदारसंघात पहिल्या पसंतीची ३६ टक्के मतं मिळवूनही हरल्या, कारण इथे मतदार उमेदवारांना क्रम लावतो, आणि बाकी पक्षांनी आपापल्या मतदारांना त्यांना तळाला टाकायला सांगितलं होतं. २०१५मध्ये लॉकियर मतदारसंघातली जागा ११४ मतांनी गेली. मग २०१६मध्ये सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहावर, निवडून आल्या आणि पहिल्याच भाषणात म्हणाल्या, की आपण मुस्लिमांच्या लोंढ्यात बुडून जायच्या धोक्यात आहोत. वीस वर्षांपूर्वीचंच वाक्य, ‘आशियाई’च्या जागी ‘मुस्लिम’. फॉरवर्डमध्ये फिरतो तो हा दुसरा खर्डा.

‘बुरखाबंदी करून दाखवली.’ साफ खोटं. ऑगस्ट २०१७मध्ये त्या सिनेटमध्ये काळा बुरखा घालून आल्या, तो काढला आणि महान्यायवादी जॉर्ज ब्रँडिस यांना विचारलं, बंदी आणणार का? ब्रँडिस सरकारी बाकावरचे, म्हणजे उजव्या आघाडीचेच मंत्री. ते म्हणाले, नाही, आणि एका समाजाच्या धार्मिक पेहरावाची टिंगल केल्याबद्दल त्यांनी बाईंना सभागृहातच खडसावलं. विरोधी बाकावरच्या मजूर आणि ग्रीन्स या पक्षांच्या सदस्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये बाईंनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा सिनेटने त्यांना कामकाजाच्या सात दिवसांसाठी निलंबित केलं. ऑस्ट्रेलियात बुरखाबंदी नाही.

‘कायदे पटत नसतील तर चालते व्हा’ हा मजकूर तर जुना पाहुणा. आधी तो जॉन हॉवर्ड यांच्या नावाने फिरला, मग केविन रड, मग ज्युलिया गिलार्ड, तिघेही इथले माजी पंतप्रधान. त्यातला ‘हा आमचा देश, ही आमची भूमी’ छापाचा मोठा भाग २००१मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात बॅरी लाउडरमिल्क यांनी एका स्थानिक पेपरात लिहिलेल्या लेखातला आहे. सप्टेंबर ११च्या हल्ल्यानंतरचा. त्याला नंतर ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्यांची २००५ सालची विधानं चिकटवली गेली. हॅन्सनबाईंना त्याचं श्रेय देणं म्हणजे शेजाऱ्याच्या लग्नाचा फोटो आपल्या अल्बमात लावणं.

उरलं ‘भारतीयांची मैत्रीण’. सप्टेंबर २०२२मध्ये लाहोरला जन्मलेल्या सिनेटर मेहरीन फारूकी यांना हॅन्सनबाईंनी ट्विटरवर ‘बॅगा भर आणि पाकिस्तानात चालती हो’ अशा अर्थाचं, याहून शिवराळ भाषेत सुनावलं. आपल्याकडे त्यावर बरेच खूश झाले. २०२४मध्ये फेडरल कोर्टाने हे वांशिक भेदभावविरोधी कायद्याचं उल्लंघन ठरवलं, बाई अपिलात गेल्या. खूश झालेल्यांना एवढंच विचारतो: ट्रेनमध्ये कुणी आपल्याला ‘परत जा’ म्हणतो तेव्हा तो आधी पासपोर्ट बघतो का?

३१ ऑगस्ट २०२५ला देशभर स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकात म्हटलं होतं, की शंभर वर्षांत जितके ग्रीक आणि इटालियन आले त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले. पत्रकात नाव आपलंच. कॅनबेऱ्याच्या मेळाव्याला हॅन्सनबाई हजर होत्या. वन नेशनची मागणी आहे, की वर्षाला एकूण व्हिसा १,३०,०००वर रोखावेत आणि विद्यार्थी व्हिसाच्या पळवाटा बुजवाव्यात.

काकांना मी हे सगळं लिहिलं नाही. कॉलवेलचा तेवढा परिच्छेद पाठवला, मराठीत करून. आणि सकाळच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: विद्यापीठाजवळ भाडी चढी आहेत, दोघी-तिघींनी मिळून घर घेतलं तर परवडेल, आणि ताईचा व्हिसा हातात येईपर्यंत कुठे डिपॉझिट भरू नका.