सोलर बसवा, पण आधी गळती बघा

कारखाने पर्यावरणपूरक कसे करायचे यावरचा एक लेख वाचला. कारखाना पर्यावरणपूरक करायचा म्हणजे छतावर सोलर, असाच त्याचा सूर आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, पंचवीस वर्षं काढलीत, म्हणून थोडं लिहितो. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते. 100 किलोवॅटचं सोलर दिवसाला 400 युनिटच्या आसपास देतं. म्हणजे अख्ख्या छताची वीज एका टनालाही पुरत नाही! बसवा, नको म्हणत नाही.

आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद, तरी मशीनना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आपला धापा टाकत सुरूच. हवा जाते कुठे? पोरं साबणाचं पाणी घेऊन पाइपलाइनवर फिरली, तर जॉइंटागणिक बुडबुडे. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या एका भोकातून तीन-साडेतीन किलोवॅट वीज शब्दशः हवेत जाते. भट्टीचं झाकण उघडं टाकून उष्णता घालवायची सवय तर विचारूच नका.

आणि रिजेक्शन! बाद कास्टिंग, म्हणजे बिघडलेला ओतीव भाग, पुन्हा भट्टीत, म्हणजे त्याच लोखंडाला दुसऱ्यांदा वीज. 'वितळवून टाकू, वाया कुठं जातंय' म्हणणारे मालक पाहिलेत मी.

साच्यांच्या जळक्या वाळूबद्दल मात्र लेखात चकार शब्द नाही. ग्रीन सँड, म्हणजे माती आणि पाणी घालून भिजवलेली वाळू, बरीचशी फिरवून वापरता येते. रेझिनने (रासायनिक चिकट द्रव्याने) बांधलेल्या वाळूला ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा रिक्लेमेशन प्लांट लागतो, तो लहान युनिटला एकट्याने झेपत नाही. चार-पाच जणांनी मिळून टाकला तर जमेल, पण आमच्याकडे गाड्या कुठं लावायच्या यावरसुद्धा एकमत होत नाही.