कुस्ती मुलींमुळे बंद पडली नाही

गेल्या आठवड्यात इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपवरूनही आला, म्हणजे तो बराच फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा आला. त्याने शाळा-कॉलेजांवर मुलींचा कोटा लादला. मुलींना खेळाची फारशी गोडी नसतानाही त्यांचे संघ उभे करावे लागले आणि त्यापायी मुलांचे खेळ, त्यातही कुस्ती, बंद पडले. पैसा फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) कमावतो, तो खर्च होतो मुलींवर. आणि आता सगळं समान झालंच आहे, तर हा कायदा हवा कशाला?

मेसेज पाठवणारे काका माझ्या बाबांच्या वयाचे, मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. कुठेही कुस्तीचा संघ बंद पडला की त्यांना वाईट वाटतं, आणि ते मला मनापासून समजतं. पण दोष भलत्याच्या माथी मारला जातोय, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी कोटा. मूळ कायद्याचं कलम इंग्रजीत अवघं ३७ शब्दांचं आहे. केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात स्त्री किंवा पुरुष असण्यावरून कुणाला वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते म्हणतं. त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. हा कायदा पुढे रेटणाऱ्या पॅट्सी मिंक हवाईच्या खासदार. डॉक्टर व्हायचं त्यांचं स्वप्न होतं, पण डझनभराहून जास्त मेडिकल कॉलेजांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांच्यापुढे प्रश्न प्रवेशाचा आणि नोकरीचा होता. मैदानाचा विषय नंतर आला. मग १९७९ साली सरकारने कॉलेजांना तीन कसोट्या दिल्या. खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण विद्यार्थ्यांमधल्या प्रमाणाच्या जवळ असावं. किंवा मुलींसाठी संधी वाढवत नेल्याचा सलग इतिहास असावा. किंवा ज्या मुलींना खेळायचंय आणि ज्यांची तेवढी क्षमता आहे, त्यांची पूर्ण सोय झालेली असावी. तीनपैकी कुठलीही एक पुरते. मेसेजमध्ये फक्त पहिली सांगितली आहे, उरलेल्या दोन गाळल्या आहेत.

आता ‘गोडी नव्हती’ याबद्दल. हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं.

१९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या संघांतून ३६,६६,९१७ मुलगे खेळत होते आणि मुली होत्या २,९४,०१५. म्हणजे बारा-साडेबारा मुलांमागे एक मुलगी. हायस्कुलांना नियम पाळायला १९७८ पर्यंत मुदत होती, आणि १९७७-७८ मध्येच मुलींचा आकडा २० लाखांच्या पुढे गेला होता. सहा वर्षांत मुलींचा स्वभाव बदलला का? बदललं एवढंच, की मैदानाचं फाटक उघडलं.

ते आधी कसं बंद होतं, तेही सांगते. १९७१ साली कनेक्टिकटमधल्या एका मुलीला शाळेच्या क्रॉस-कंट्री संघातून धावायचं होतं. न्यायाधीशांनी तिची मागणी फेटाळली. खेळातल्या स्पर्धेने आपल्या मुलांचं चारित्र्य घडतं, आपल्या मुलींना तसल्या चारित्र्याची गरज नाही, असं त्यांनी म्हटलं. त्या मुलीला धावण्याची गोडी होती, म्हणून तर ती कोर्टात गेली!

कायदा आल्यावरही लगेच सगळं सुरळीत झालं नाही. येल विद्यापीठात मुली नौका वल्हवायच्या, पण बोटहाउसमध्ये त्यांच्यासाठी न्हाणीघर नव्हतं. सराव संपला की मुलगे गरम पाण्याने आंघोळ करायचे आणि मुली घामाने, नदीच्या पाण्याने भिजलेल्या कपड्यांत बसमध्ये त्यांची वाट बघत कुडकुडायच्या. मार्च १९७६ मध्ये त्यांच्यातल्या १९ जणी क्रीडा विभागाच्या एका अधिकाऱ्याच्या खोलीत गेल्या आणि अंगातले कपडे उतरवून उभ्या राहिल्या. पाठीवर, छातीवर रंगाने लिहिलं होतं, ‘टायटल नाइन’. त्यांची कर्णधार ख्रिस अर्न्स्ट हिने निवेदन वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बातमी देशभर गेली आणि त्यानंतर मुलींसाठी सोय झाली. हिवाळ्यात ओल्या कपड्यांनी बसून राहायचं आणि तरी दुसऱ्या दिवशी वल्हं हातात घ्यायचं. गोडी आणखी कशी असते?

पुढे ब्राउन विद्यापीठाने कोर्टात हाच युक्तिवाद केला. १९९१ मध्ये त्यांनी महिलांच्या व्हॉलीबॉल आणि जिम्नॅस्टिक्स संघांचे पैसे काढून घेतले होते. मुलींना खेळात रसच कमी, असं ते म्हणाले. अपील कोर्टाने १९९६ मध्ये ते मानलं नाही. रस आणि कौशल्य पोकळीत तयार होत नाहीत, संधी आणि अनुभव मिळेल तशी ती वाढतात, असं निकालात स्पष्ट आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राउनचं अपील ऐकायलाच नकार दिला.

आता कुस्ती. काका, हे नीट वाचा.

कॉलेजांतले कुस्तीचे संघ घटले, हे खरंच आहे. अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने २००१ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार १९८१-८२ ते १९९८-९९ या काळात कुस्तीचे १७१ संघ कमी झाले. पण त्याच अहवालात पुढे असंही आहे, की या काळात पुरुषांचे एकूण संघ घटले नाहीत, ३६ ने वाढले आणि पुरुष खेळाडू सुमारे ५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे कुस्ती घटली, पण फुटबॉल, सॉकर (आपल्याकडचा फुटबॉल) असे पुरुषांचे दुसरे खेळ वाढले. शिवाय १९९२-९३ ते १९९९-२००० मध्ये ज्या ९४८ कॉलेजांनी महिलांचे नवे संघ सुरू केले, त्यांतल्या ७२ टक्के कॉलेजांनी त्यासाठी एकही संघ बंद केला नाही. महिलांच्या जिम्नॅस्टिक्सचे संघही याच काळात सुमारे १०० नी घटले. कायदा पुरुषांचे खेळ गिळत होता म्हणायचं, तर हे संघ कोणी गिळले?

आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी १९८४ मध्ये ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला, की सरकारी मदत ज्या विभागाला मिळते तेवढ्यालाच कायदा लागू. क्रीडा विभागांना थेट मदत मिळत नसल्याने तिथे कायदा जवळजवळ निष्प्रभ झाला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून संसदेने १९८८ मध्ये तो पुन्हा लागू केला. ही चार वर्षं कॉलेजांवर मुलींसाठी काही करायचं दडपण जवळपास नव्हतं, तरीही कुस्तीचे संघ बंद होतच राहिले. पैसा कुठे लावायचा हे कॉलेजं ठरवत होती. शंभराहून जास्त खेळाडूंचा फुटबॉल संघ त्यांना हवा होता, दहा वजनगटांची कुस्ती नको होती.

फुटबॉलच्या कमाईबद्दल फार लिहीत नाही. १९७४ मध्ये टेक्ससचे सिनेटर जॉन टॉवर यांनी उत्पन्न देणाऱ्या खेळांना कायद्यातून वगळण्याची दुरुस्ती आणली होती. ती टिकली नाही. आणि बहुतेक कॉलेजांत क्रीडा विभागाचा खर्च कमाईपेक्षा जास्तच असतो, फुटबॉल धरूनही.

गंमत वाटेल, पण आज अमेरिकेत शाळांमधली कुस्ती मुलींमुळेही वाढते आहे. २०१८-१९ मध्ये हायस्कूलमध्ये २१ हजारांवर मुली कुस्ती खेळत होत्या; २०२३-२४ मध्ये ६४ हजारांवर गेल्या. २०२५ च्या जानेवारीत महिला कुस्तीला कॉलेज पातळीवर राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. सांगलीत २०२३ साली प्रतीक्षा बागडीने पहिली महिला महाराष्ट्र केसरी गदा उचलली, तेव्हा काका, तुम्हीच ग्रुपवर फोटो टाकला होता.

राहिला मुद्दा ‘आता सगळं समान झालं’ हा. २०१८-१९ मध्ये हायस्कूलच्या संघांत ३४,०२,७३३ मुली होत्या. १९७१-७२ मध्ये मुलगे जितके होते, त्यापेक्षा हा आकडा अडीच लाखांहून अधिक फरकाने कमी आहे. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही मुली तिथवर पोचल्या नव्हत्या, जिथे मुलगे कायद्याआधीच होते.

आणि आमच्या गावातलंच सांगते. माझी लेक शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते. मुलांच्या बेसबॉल मैदानाला दिवे आहेत, स्कोअरबोर्ड आहे, बसायला छप्पर आहे. मुलींचं मैदान शाळेच्या मागे उतारावर. पाऊस पडला की दोन दिवस चिखल, आणि दिवे नसल्याने अंधार पडायच्या आत सामना संपवायचा. एकदा अंधारामुळे चौथ्या डावात सामना थांबला तेव्हा माझी लेक बॅट घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. आम्ही नऊ पालकांनी दोन्ही मैदानांचे फोटो, सरावाच्या वेळा आणि थांबलेल्या सामन्यांच्या तारखा एकत्र केल्या. टायटल नाइनसाठी शाळेला एक जबाबदार अधिकारी नेमावाच लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार दिली. कायदा नसता, तर हे पत्र द्यायचं कुणाला, हेच कळलं नसतं.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या बोर्डाची बैठक आहे. काका, तुम्ही याच गावात राहता. येणार का? मी साडेसहाला गाडी घेऊन येते.