सान लोरेन्झो मेदिचींनी बांधलं, पण कुठल्या अटीवर?

चर्चच्या डागडुजीच्या वर्गणीचा विषय निघाला की आमच्या वसईकडे फोनवर एक मजकूर हमखास येतो. यंदाही आला. त्याचं सार असं: इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात मेदिची घराण्याने आपल्या धर्मग्रामाचं सान लोरेन्झो चर्च एकट्याने बांधलं, खिशातले साडेसहा लाख फ्लोरिन, म्हणजे तिथली सोन्याची नाणी, घातले, बदल्यात काही मागितलं नाही, तीनशे वर्षं शब्द पाळला आणि आजही ते चर्च त्यांच्याच वंशजांकडे आहे. तेव्हा समित्या-बिमित्या सोडा, एखादं मोठं घर पकडा. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मेदिचींबद्दल माझी तक्रार नाही. ब्रुनेलेस्की, दोनातेल्लो, मायकेलअँजेलो या तिघा थोर कलावंतांचं काम एकाच चर्चमध्ये आहे ते मुख्यतः त्यांच्या पैशामुळे. तक्रार आहे ती मजकुराबद्दल.

‘एकट्याने बांधलं.’ सान लोरेन्झो मेदिचींच्या हजार वर्षं आधीचं आहे. परंपरेनुसार ३९३ साली संत अँब्रोझ यांनी त्याचं अभिषेचन केलं. पंधराव्या शतकात ते नव्याने बांधायचं ठरवलं ते तिथल्या प्रायरने आणि कॅनन मंडळींनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूंच्या संघाने. १४१८ मध्ये त्यांनी नगर-सरकारकडे अर्ज करून वाढीव जागा मागितली. योजना साधी होती: धर्मग्रामातल्या ऐपतदार घरांनी एकेक चॅपल, म्हणजे चर्चमधलं छोटं प्रार्थनादालन, स्वखर्चाने उचलायचं. रोन्दिनेल्ली, जिनोरी, नेरोनी अशी घरं त्यात होती. जोव्हान्नी दि बिच्ची दे मेदिची हा त्यांतला एक. त्याने सॅक्रिस्टी, म्हणजे धर्मगुरूंची वस्त्रं ठेवायची खोली, आणि तिच्या शेजारचं चॅपल उचललं. ज्या समितीला मजकूर नावं ठेवतो, तिच्यासारख्याच व्यवस्थेतून हे काम उभं राहिलं.

खरं आहे की ती व्यवस्था पुढे रखडली. लढाया, कर, आटलेली वर्गणी. हे आपल्याला नवीन नाही. सॅक्रिस्टी मात्र पुरी झाली, कारण तिला एकच धनी होता. मजकुरातला खरा भाग एवढाच, आणि तो मी मान्य करतो.

‘बदल्यात काही मागितलं नाही.’ इथे मात्र थांबावं लागेल. १४४२ मध्ये जोव्हान्नीचा मुलगा कोसिमो काम पुरं करायला पुढे आला तेव्हा कॅनन मंडळींशी रीतसर ठराव झाला. मुख्य वेदीचा भाग कोसिमो आणि त्याच्या वारसांच्या हक्कात गेला, आणि तिथे मेदिची व कॅनन मंडळी सोडून इतर कुणाचं घराणेचिन्ह किंवा थडगं येणार नाही, असं लिहून घेतलं गेलं. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर ‘यांचेकडून’ लिहिलेलं पाहून आपण हसतो. इथे तर अख्खी वेदीच लिहून घेतली होती!

आणि ती त्यांनी वापरलीही. कोसिमो १४६४ मध्ये वारला. त्याचं थडगं बाजूच्या भिंतीत कुठेतरी नाही. मुख्य वेदीसमोर फरशीत रंगीत दगडांचं एक वर्तुळ आहे, आणि त्याच्या बरोबर खाली, तळघरातल्या जाड खांबात त्याला ठेवलंय. मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, वेदीकडे जाणारा माणूस त्या वर्तुळापाशीच येतो. सॅक्रिस्टीत तर त्याहून पुढची गंमत. खोलीच्या मधोमध संगमरवरी मेज आहे, धर्मगुरूंनी मिस्साआधी वस्त्रं काढून ठेवायचं. त्या मेजाखाली जोव्हान्नी आणि त्याची बायको यांची शवपेटी आहे. खोली अर्पण केलीय संत योहानाला, म्हणजे जोव्हान्नीच्याच नामसंताला.

‘खिशातले साडेसहा लाख.’ हा आकडा हवेतला नाही. कोसिमोचा नातू लोरेन्झो याने वह्या चाळून नोंद केली की १४३४ ते १४७१ या काळात घराण्याने ६,६३,७५५ फ्लोरिन खर्च केले. कशावर? इमारती, दानधर्म आणि कर. होय, सरकारला भरलेला करही त्यातच धरलाय. त्यातून एका चर्चचा आकडा काढणं म्हणजे घरखर्चाची अख्खी वही दाखवून ‘एवढं देवाला दिलं’ म्हणणं. लोरेन्झोने पुढे असंही लिहिलंय की हा पैसा चांगला खर्ची पडला, राज्याचं तेज वाढलं. निरपेक्ष माणूस असा हिशेब मांडत नाही, बँकवाला मांडतो. आणि ते बँकवालेच होते.

पुढे घराण्यातले दहावा लिओ आणि सातवा क्लेमेंट पोप झाले. चर्चला लागून उभं राहिलेलं लॉरेन्झियाना ग्रंथालय क्लेमेंटच्या हुकुमाने झालं. तो पैसा मेदिचींच्या घरचा की चर्चचाच, हे वेगळं करून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार.

‘आजही वंशजांकडे आहे.’ नाही. घराण्याचा शेवटचा राजपुरुष १७३७ मध्ये गेला, त्याची बहीण अ‍ॅना मारिया लुइझा १७४३ मध्ये. चर्चला लागून असलेली घराण्याच्या थडग्यांची दालनं, मेदिची चॅपल्स, आता सरकारी संग्रहालय आहेत. मजकूर लिहिणाऱ्याला खरंच कौतुक करायचं असेल तर या बाईचं करावं: घराण्याच्या कलावस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नयेत, असं तिने १७३७ च्या करारात बांधून टाकलं. तिचं नाव मजकुरात नाही.

राहिला ‘तीनशे वर्षं शब्द पाळला’ हा मुद्दा. दहाव्या लिओने दर्शनी भिंतीचं काम मायकेलअँजेलोला दिलं, १४४२ च्या ठरावानंतर ७६ वर्षांनी, १५१८ मध्ये. त्याने संगमरवरासाठी खाणी धुंडाळल्या, डोंगरात रस्ते काढले, लाकडी प्रतिकृती केली. १५२० मध्ये करार रद्द. त्यानंतर मेदिची दोनशे वर्षांहून जास्त काळ होते आणि बराच काळ राज्यच करत होते. मागच्या बाजूला १६०४ पासून त्यांनी स्वतःच्या थडग्यांसाठी रंगीत दगडांनी मढवलेलं, घुमटाचं प्रचंड चॅपल उभारायला घेतलं. समोरची भिंत मात्र आजही उघडी आहे. बांधकामाच्या खडबडीत रांगा बाहेर आलेल्या, संगमरवर बसवता यावा म्हणून तशाच सोडलेल्या.