सरांच्या खुर्चीशेजारची खुर्ची

"सर असते तर त्यांनी असं केलं नसतं."

हे वाक्य मी एका माणसाला तीन वर्षं ऐकवलं. कधी तोंडावर, बहुतेक वेळा पाठीमागे. आज त्याबद्दल लिहितोय, कारण ओळखीच्या एका संस्थेचे संस्थापक निवृत्त होताहेत आणि तिथली कुजबुज कानावर आली की मला माझाच जुना आवाज ऐकू येतो.

आमच्या संस्थेचे संस्थापक पंचवीस वर्षांनी बाजूला झाले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. त्यांच्या जागी मॅडम आल्या. हुशार, कष्टाळू, स्वच्छ हाताच्या. बैठकीच्या खोलीत सरांची खुर्ची होती तिथेच राहिली आणि मॅडम शेजारच्या खुर्चीवर बसू लागल्या. तेव्हा आम्हाला तो विनय वाटला. आज कळतं, त्या खुर्चीवर आम्ही त्यांना कधी बसूच दिलं नाही.

बैठक संपली की आमच्यापैकी कुणीतरी सरांना फोन करायचं. मीही केले. सर आपुलकीनं ऐकायचे, सहज एखादं मत द्यायचे. दुसऱ्या दिवशी ते मत हुकूम बनून ऑफिसभर फिरायचं. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्यांनी फोन उचलला की मॅडमचा शब्द थोडा आणखी हलका व्हायचा.

थोर माणसाच्या जागी येणाऱ्याला तेवढंच थोर व्हावं लागतं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा सांगतो. आपण नव्या माणसाचा पहिला दिवस जुन्याच्या शेवटच्या दिवसाशी ताडून बघतो, आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो.

फुटबॉल बघणाऱ्यांना हे लगेच पटेल. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणून आले. त्यांचं पहिलं लीग विजेतेपद १९९३ चं. मधे अशी वेळ आली होती की त्यांनी जावं म्हणून त्यांच्याच चाहत्यांनी मैदानात फलक धरला होता. क्लबनं धीर धरला. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा नावावर १३ लीग विजेतेपदं होती. नव्या प्रशिक्षकाच्या पाठीशी उभे राहा, असं त्यांनी जाताना चाहत्यांना मैदानातूनच सांगितलं. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉयस यांना सहा वर्षांचा करार मिळाला आणि दहा महिने पुरे होण्याआधी त्यांना काढलं. त्यांच्याही चुका झाल्या, फर्ग्युसन यांचे अनुभवी सहायक बदलणं त्यातलीच एक. पण पहिल्या माणसाला साडेसहा वर्षं आणि दुसऱ्याला दहा महिने, हा हिशेब मला अजून खुपतो.

शास्त्रीजींचंही तेच. 'नेहरूंनंतर कोण?' हा प्रश्न नेहरू हयात असतानाच विचारला जात होता. जून १९६४ मध्ये शास्त्रीजी पंतप्रधान झाले आणि सुरुवातीला मवाळ, कमकुवत असंच त्यांच्याबद्दल बोललं गेलं. १९६५ च्या युद्धानंतर सूर बदलला. जानेवारी १९६६ मध्ये तर ते गेलेच.

संस्थापकानं काय करायला हवं, याचं मला भावलेलं उदाहरण स्टीव्ह जॉब्ज यांचं आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अ‍ॅपलची सूत्रं टिम कुक यांच्याकडे देताना त्यांनी डिस्ने कंपनीची आठवण काढली. १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेले आणि मागे राहिलेली माणसं 'वॉल्टनं काय केलं असतं?' यातच अडकून पडली. तसं करू नका, मी काय केलं असतं हे विचारत बसू नका, योग्य वाटेल ते करा, असं जॉब्ज यांनी बजावल्याचं कुक यांनीच पुढे अनेकदा सांगितलं. जॉब्ज यांना १९८५ मध्ये स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं होतं, ते परतले १९९७ मध्ये. चुकून शिकायला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मॅडमना असं सांगणारं कुणी नव्हतं. सरांनी सुरू केलेला एक उपक्रम तोट्यात होता, लोक येत नव्हते. तो थांबवूया, असं त्यांनी आकडे समोर ठेवून सांगितलं. मी उभा राहून विरोध केला. आकड्यांवर एक शब्द बोललो नाही, फक्त सरांच्या स्वप्नाबद्दल बोललो. टाळ्या मिळाल्या. उपक्रम चालू राहिला.

मॅडम तिसऱ्या वर्षी राजीनामा देऊन गेल्या. त्यांच्यानंतर आलेल्यांनी तोच उपक्रम पहिल्या सहा महिन्यांत बंद केला आणि कुणी ब्र काढला नाही, मीसुद्धा नाही. सरांची पोकळी मॅडमनी अंगावर घेऊन झाली होती, तिसऱ्या माणसासाठी वाट मोकळी होती.

मागच्या वर्षी कामासाठी जुनी इतिवृत्तं चाळली. पहिल्या पाच वर्षांत सरांनी सुरू करून गुंडाळलेली चार कामं सापडली. एका पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'माझा अंदाज चुकला.' त्या बैठकीला मी हजर होतो, खाली माझी सही आहे. मला आठवतसुद्धा नव्हतं.

मॅडम, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. तुमचे आकडे बरोबर होते. मी ते त्या दिवशी बैठकीआधी वाचले होते आणि मला ते पटलेही होते. तरीही मी उभा राहिलो. माफ करा.