सान मार्कोस पास उजेडातच ओलांडा

सांता बार्बराहून सांता इनेझ खोऱ्यात जायचं म्हटलं की मॅप बहुतेक वेळा सान मार्कोस पास या खिंडीतून जाणारा कॅलिफोर्निया १५४ हा राज्य महामार्ग सुचवतो. गॅव्हिओटावरून वळसा घेणाऱ्या १०१ या महामार्गापेक्षा तो जवळचा आहेच. पण हा घाटरस्ता आहे, बहुतेक ठिकाणी दोनच पदरी. माझं स्पष्ट मत: तो दिवसा आणि हाताशी वेळ ठेवूनच घ्यावा. अंधार पडला तर १०१नेच परता.

लांबी साधारण ५२ किलोमीटर, खिंड २,२२५ फुटांवर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्रावरचं धुकं सकाळी डोंगराच्या दक्षिण उतारावर चढून बसतं आणि वळणं दिसेनाशी होतात. खिंडीपलीकडे मात्र लख्ख ऊन असतं. तेव्हा सकाळी जरा उशिरानेच निघा. धुक्यात हाय बीम लावू नका, उजेड उलटा डोळ्यांवर येतो. कधीकधी संध्याकाळी खोऱ्याकडून किनाऱ्याकडे गरम, कोरडे 'सनडाउनर' वारे सुटतात. छतावर सायकली किंवा सामान बांधलेली गाडी त्यात चांगलीच हलते.

परतताना खिंडीतून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिकमध्ये 'एल', बऱ्याच हायब्रिडमध्ये 'बी'. ब्रेकवर सतत पाय राहिला तर ते तापतात, जळका वास येतो आणि पकड जाते. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्या, पाणी ओतू नका.

लोक वळणांना घाबरतात. मला जास्त धास्ती वाटते ती खिंडीपलीकडच्या कचूमा तलावाच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यांची. वळणं संपली की वेग वाढतो, मागे अडकलेला माणूस वैतागून ओव्हरटेक करायला बाहेर पडतो, समोरच्या गाडीचा अंदाज चुकतो आणि थेट समोरासमोर धडक होते. दुहेरी पिवळी रेघ असेल तिथे बाहेर पडूच नका. आणि तुम्हीच सावकाश चालला असाल, मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या असतील, तर टर्नआउटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या रुंद जागेत, बाजूला होणं हा तिथला कायदा आहे. दुपार कलल्यावर खोऱ्याकडे जाताना ऊन थेट डोळ्यांवर येतं, म्हणून काच आतूनही पुसून घ्या.

कोल्ड स्प्रिंग कॅन्यनचा १९६३चा पूल बघायला पुलावर वेग कमी करू नका; वरून कमान दिसतच नाही. ७०० फुटांची ती पोलादी कमान बघायची तर खालच्या स्टेजकोच रोडवर जा. तो अरुंद आहे, पण नजारा तिथलाच खरा. कचूमाचं पाणी पिण्यासाठी जातं, त्यामुळे तलावात पोहायला बंदी आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा.

पेट्रोल खालीच भरा, मॅप डाउनलोड करून ठेवा. घाटात मोबाइलला रेंज मधूनमधून जाते. हिवाळ्यात निघण्याआधी कॅलट्रान्सचं (राज्याच्या परिवहन खात्याचं) क्विकमॅप, म्हणजे रस्त्यांची स्थिती दाखवणारा ऑनलाइन नकाशा, बघाच. जानेवारी २०२३च्या वादळी पावसात हा रस्ता बंद करावा लागला होता.