तेरा स्टोनचा जावई

फोनवर विचारलं होतं, "सोनोग्राफीला येताना काही पथ्य?"

"कशासाठी आहे?"

"स्टोनसाठी."

"मग उपाशी या."

गेलो. आठ तास पोटात चहाचा थेंब नाही. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, तुमचा किडनीचा आहे! लघवी भरून यायचं असतं. लिटरभर पाणी प्या आणि बसा तासभर."

आता हे फोनवर विचारायला काय झालं होतं? खडा पित्ताशयात असेल तर उपाशी राहायचं, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही. मुतखड्याला उलट मूत्राशय तट्ट लागतं. मूत्रवाहिनी त्यात शिरते तिथे फार अरुंद असते आणि खडे नेमके तिथेच अडकतात. नुसतं 'मुतखडा' म्हटलं असतं तर शब्दातच पत्ता होता. पण चारचौघांत तो शब्द उच्चारायची लाज, म्हणून स्टोन. अंगठीत स्टोन, ब्लाउजवर स्टोन, ओट्याला स्टोन. साहेबाच्या भाषेत तर आंब्याची कोयसुद्धा स्टोनच.

तिसरा ग्लास रिचवत होतो, तेवढ्यात शेजारचे काका फोनवर गरजले, "काय सांगतेस! जावईबापूंचे तेरा स्टोन झाले?"

हॉल चिडीचूप. समोरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. "तेरा? ऑपरेशन केलं का हो?"

"छे! रोज पळायला जातो. मार्चपर्यंत अकरावर आणतो म्हणालाय."

"पळून पडतात?"

"मग! शिवाय भात बंद केलाय."

"आमच्या ह्यांचा एकच होता, चार मिलिमीटरचा, तर रात्रभर गडाबडा लोळले."

"याला काही त्रास नाही. फक्त पँटी बसत नाहीत."

शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, बाई, जावई इंग्लंडात असणार, तिथे माणसाचं वजन स्टोनमध्ये सांगतात. एक स्टोन म्हणजे 14 पौंड, 6.35 किलो, तेरा म्हणजे साडेब्याऐंशी किलो. तिथल्या कायद्याने 1985 मध्ये व्यापारातून हे माप काढलं, पण न्हाणीघरातल्या काट्यावरून ते काही हललं नाही.

काकांना हे बोलणं आवडलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा कितीचा?"

"सहा मिलिमीटर."

"कुळथाचं कढण प्या. आमच्या मेव्हणीचा पित्ताशयातला त्यानेच विरघळला."

पित्ताशयातले खडे बहुतेक कोलेस्टेरॉलचे, मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे, आणि कढण पित्ताशयात जातच नाही, हे त्यांना सांगायचं होतं. पण एव्हाना माझ्याकडे फक्त पाय आवळून बसण्याइतकंच बळ उरलं होतं. काउंटरवर गेलो. मुलगी मान वर न करता म्हणाली, "इमर्जन्सी आलीय, वीस मिनिटं. बाथरूमला जाऊ नका हं."

परत येऊन टेकलो, तर बाई काकांकडे झुकून हळूच विचारत होत्या, "तेरा म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून ना?"