सही, कात्री आणि पत्रे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बटन ग्विनेट यांच्यावरील माझ्या लेखातले ‘संच पुरा करणे यातच संग्राहकाचे कसब आहे’ हे वाक्य उद्धृत करून आपण लिहिले आहे, की अमेरिकेच्या संस्थापकांची पत्रे जमवणे हा धनिकांचा सह्यांचा षोक असून त्यापायी एका राष्ट्राच्या दप्तराच्या चिंध्या झाल्या. शिवाय ही पत्रे सरकारी अभिलेखागारातच राहायला हवी होती, असेही आपले म्हणणे आहे.

पहिला आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. ग्विनेट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि मे १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धातल्या जखमेने ते वारले. त्यांच्या जेमतेम पन्नासेक सह्या आज ठाऊक आहेत आणि त्यांच्यावाचून जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांचा संच पुरा होत नाही; एवढ्यासाठीच त्यांची सही असलेल्या एका कागदाला २०१० मध्ये ७,२२,५०० डॉलर मिळाले, मग त्यावरचा मजकूर काहीही असो. त्या काळी अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या प्रतिनिधिसभेच्या, सदस्यांची पत्रे टपालखर्चाविना जात, त्यासाठी ते पत्त्याच्या बाजूवर स्वतःची सही करीत. पुढे सह्यांच्या हौसेने नेमका तोच भाग कापला गेला आणि पत्र कोणाला लिहिले होते, हेच हरवले.

तरीही कात्री नेहमी संग्राहकाच्याच हाती होती असे नाही. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या पहिल्या शपथविधीच्या भाषणाचा, न वापरलेला, लांबलचक मसुदा ज्यांनी कापून हस्ताक्षराचे नमुने म्हणून वाटला, ते जॅरेड स्पार्क्स इतिहासकार होते आणि संपादनासाठी ती कागदपत्रे विश्वासाने त्यांच्या स्वाधीन केली होती. याउलट विल्यम स्प्रेग हे धर्मोपदेशक. तरुणपणी ते वॉशिंग्टन यांच्या भाच्याच्या घरी शिक्षक होते. वारसांच्या परवानगीने त्यांनी सुमारे १५०० पत्रे नेली, पण प्रत्येकाची नक्कल मागे ठेवण्याच्या अटीवर. मूळ पत्रे विखुरली, याचे समर्थन मी करणार नाही. कापली मात्र गेली नाहीत.

अभिलेखागाराविषयी आपले म्हणणे मला पटत नाही. सरकारने वॉशिंग्टन यांची कागदपत्रे कुटुंबाकडून विकत घ्यायला आरंभ केला तो १८३४ मध्ये, आणि राष्ट्रीय अभिलेखागार स्थापन झाले त्यानंतर १०० वर्षांनी. तोवर संस्थापकांची बरीच पत्रे खासगी घरांतच होती. बरे, सरकारी कपाट तरी अभेद्य कुठे असते? संस्थापकांपैकीच एक असलेल्या हॅमिल्टन यांनी १७८० मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेतला लिहिलेले पत्र मॅसॅच्युसेट्सच्या अभिलेखागारातून तिथल्याच कर्मचाऱ्याने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चोरले, २०१८ मध्ये ते लिलावासाठी आले आणि न्यायालयाच्या निकालानंतरच राज्याला परत मिळाले. म्हणून विकत घेण्यापूर्वी पत्र कोणाकोणाच्या हातून आले, याची साखळी मी आधी विचारतो आणि सही नंतर पाहतो.

आपण उद्धृत केलेले वाक्य मात्र चुकीचेच होते. ते मी आज लेखातून काढून टाकले आहे.